एंटरवरचा स्टेपलर

मंगळवार, संध्याकाळ. बोईसर

दवाखान्याचा संगणक आज बंद पडला. मुलांच्या लसींच्या सगळ्या नोंदी गेल्या, आणि दुसरी प्रत नाही. नाही कशी? चालू होताना संगणकाने थांबावं, डिस्क तपासावी, नोंदींची प्रत काढावी, म्हणून एक छोटा प्रोग्रॅम मीच बसवला होता. पहिल्या दहा सेकंदांत कुणी बटण दाबलं तरच ते टळायचं.

नर्स सुमनला फैलावर घेतलं. म्हणाली, "बाहेर लाईन असते मॅडम, पंधरा मिनिटं कोन थांबल? एंटरवर स्टेपलर ठेवला का लगेच सुरू होतो." वर्षभर हेच!

वीटभट्टीवरून परतलेली एक बाई मुलाला घेऊन उभी होती. लसींचं कार्ड भट्टीवरच भिजून गेलेलं. कुठली सुई राहिली, हे तिला सांगता येईना. ती म्हणाली, "आमी कार्ड हरवलं का तुमी ओरडता. आता तुमचंच हरवलं त?"

सुमनवर ओरडले खरी. पण तो स्टेपलर... रोज कीबोर्डशेजारी पडलेला दिसायचा. "वस्तू जागेवर ठेवा," म्हणत मीच तो ड्रॉवरमध्ये टाकायचे. तिथे येतो कसा, हे एकदाही विचारलं नाही.