चाळीस खोकी आणि एक ‘आवराआवर’

ताई,

इथूनच वाकून नमस्कार. (आशीर्वाद द्यायला उठू नकोस, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नाही.) पाय आता कितपत वाकतो? व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंशी भांडणं थांबलं का? भाची अभ्यास करते ना? भावोजींची प्रकृती विचारत नाही. ते रोज दुकानावरून जाताना आत डोकावतात, चाळीसही खोकी जागच्या जागी दिसली की त्यांना बरं वाटतं.

पत्र गंभीर आहे. गाळा भावोजींचा आणि शब्द माझा. महिनाअखेरीपर्यंत चाळीस नवे कन्सोल खपले नाहीत, तर गेमचं दुकान बंद, गाळा त्यांच्या रंगांच्या डब्यांना आणि मी त्यांच्या काउंटरवर. आज एकोणतीस तारीख आहे.

माझं चुकलं कुठे, ते शांतपणे सांगू दे. आपल्या लहानपणी असं होत असे, की कुठूनसा एखादा गेम यायचा आणि आयुष्यात कधी बटण न दाबलेली माणसं त्या एका गेमपायी अख्खा कन्सोल उचलून न्यायची. मी त्या काळावर जगलो. म्हणून दोन बहिणींनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून केलेला ‘आवराआवर’ हा गेम जेव्हा ध्यानीमनी नसताना गाजला, तेव्हा मी त्याच संध्याकाळी चाळीस खोकी मागवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. (तुझ्या गुडघ्याशी याचा संबंध नाही.) गेममध्ये मारामारी नाही, गाड्या नाहीत. आई गेलेली असते आणि मुलीला तिचं तीन खोल्यांचं घर रिकामं करायचं असतं, बस. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेले लोकसुद्धा त्याबद्दल हळू आवाजात बोलत होते.

गर्दी झाली, हे खोटं नाही. सगळ्यात आधी ग्रंथालयातल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या जुन्या कन्सोलवर चालेल का हो हा?” कुठलाही शहाणा दुकानदार नाही म्हणाला असता. मी म्हणालो, चालेल, फक्त आतला पंखा साफ करावा लागेल. आणि मुकाट्याने करूनही दिला. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं टॉवेलात, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली धुडं घेऊन दारात उभी. तीन खोल्यांचा गेम तो, बारा वर्षांच्या जुन्या यंत्रावरही लोण्यासारखा चालतो. माळ्यावरचे सगळे कन्सोल खाली आले आणि माझ्याकडची खोकी होती तिथेच राहिली. भरवशाच्या म्हशीला टोणगा! दातांच्या डॉक्टरांच्या कन्सोलमधून धूळ, केसाची पिन आणि एक दुधाचा दात निघाला. डॉक्टरांनी तो बघताक्षणी ओळखला. मुलगी परदेशी असते त्यांची. दात रुमालात बांधून घेऊन गेले.

नवा कन्सोल विकलाच नाही, असं नाही. शिंपीकाकांनी एक नेला आणि चौथ्या दिवशी पुसून, खोक्यात घालून परत आणला. “खेळ संपला. आता परत बघवणार नाही,” म्हणाले. काकू मागच्या वर्षी गेल्या, हे तुला माहीत आहेच. मी परत घेतला. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, “तुम्ही दुकान चालवता की दवाखाना?” मी फोन ठेवला, कारण हातात स्क्रू होता.

मग खपाचा अभ्यास म्हणून मी स्वतः खेळायला बसलो. त्यात एकेक वस्तू हातात घ्यावी लागते, काय ठेवायचं ते आपणच ठरवायचं. ताई, आईचं घर आपण दोन दिवसांत उरकलं आणि तेही कपाटावरून भांडत. तिच्या हिरव्या वह्या मी न उघडता रद्दीत घातल्या. मला त्याची फार लाज वाटते. भर दुकानात, कंट्रोलर हातात धरून रडलो. तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

तेव्हा मान्य करतो. एक गेम आता कन्सोल खपवत नाही, माणसांना माळ्यावर चढवतो. एक तारखेला शटर ओढतो. रंगांतलं मला एवढंच कळतं, की पांढऱ्याचे विनाकारण फार प्रकार असतात.

तुझा,
धाकटा

ता. क. काउंटरवर उभं राहायचं की बसायला मिळतं, ते विचारून ठेव.

ता. क. दुसरा. (हा भावोजींसमोर वाचू नकोस.) काल दुपारी ते गाळ्याचं माप घ्यायला टेप घेऊन आले. टेप खिशातच राहिला, कारण काखेत भाचीचा जुना कन्सोल होता, रंगाच्या कापडात गुंडाळलेला. तू झोपलीस की ते गोदामात जाऊन ‘आवराआवर’ खेळतात. कन्सोल मध्येच बंद पडतो म्हणाले. मी दुरुस्त केला. गेममधल्या माळ्यावरच्या कुलूपबंद ट्रंकेपाशी अकरा दिवस अडकलेत. निघताना दारात थांबून म्हणाले, “ती ट्रंक उघडेपर्यंत मला तुझी गरज लागणार. गाळ्याचं मग बघू.”

ताई, तू अंथरुणात पडल्या पडल्या भाचीच्या लॅपटॉपवर तो गेम संपवलास, हे मला ठाऊक आहे. ट्रंकेची किल्ली कुठे असते ते त्यांना सांगू नकोस. मीही सांगितलेलं नाही.