बाबांचं काळं धुरांडं

ती. आईस,
लांबूनच तुझ्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, खोकला जवळजवळ गेलाय. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना?

सध्या इथल्या वीजघराच्या धुरांड्याची चित्रं काढतेय. उजेड बदलला की हातातलं चित्र बाजूला ठेवायचं आणि त्या वेळेचं दुसरं घ्यायचं. दुपारी धुरांडं विटकरी दिसतं, संध्याकाळी चक्क गुलाबी.

आठवतं? बाबांच्या कारखान्याचं धुरांडं मी असंच गुलाबी रंगवलं होतं. बाबा म्हणाले, "तीस वर्षं बघतोय, काळं आहे ते." मी फणकारले, "तुम्हाला रंगातलं काय कळतं?" आणि तशीच निघून आले. त्यानंतर थेट ते गेल्याचा तुझा फोन.

काल पहिल्यांदाच सकाळी सहाला चित्र काढायला गेले. सूर्य धुरांड्याच्या मागून वर येत होता आणि कामगार खाली मान घालून फाटकातून आत जात होते. धुरांडं काळंकुट्ट होतं गं. ते सगळे आत गेले, फाटक लागलं, आणि मग कुठे विटांवर रंग चढायला लागला.

बाबा याच वेळेला आत जायचे आणि अंधार पडल्यावर बाहेर यायचे. त्यांना दुसरा रंग दिसणार तरी कधी?

मी चित्र पुरं केलं. ते तुला पाठवतेय. बाबांच्या फोटोसमोर धर आणि सांग, पोरगी म्हणते, काळंच आहे.

तुझी,
हट्टी