यंदा फवारलं नाही

२ मार्च, शनि. नांदेड
सकाळीच अक्काचा फोन, जळकोटहून. तिच्या बचत गटाला इथल्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला! घरची तूरडाळ, जात्यावर भरडलेली. जन्मात पहिल्यांदा माझी थोरली बहीण दुकान मांडणार. "तुझं अक्षर मोत्यावानी. पिशवीवरल्या चिठ्ठ्या तूच लिही. 'सेंद्रिय' लिही, मोठ्ठं." लिहिते की! सगळी नोकरी फळ्यावर लिहिण्यात गेली माझी.

४ मार्च, सोम.
साठ चिठ्ठ्या तयार. हिरवी शाई, कोपऱ्यात पान. बोटं दुखून राहिलीत, पण काय देखण्या झाल्यात!

५ मार्च, मंगळ.
एक चिठ्ठी बशीरभाईंच्या किराणा दुकानात मिरवायला नेली. चष्मा लावून वाचली त्यांनी. "बाई, तपासणी झाली का? सर्टिफिकेटची खूण, नंबर?" मी तोऱ्यात माझ्या नेहमीच्या महागड्या डाळीचं पाकीट दाखवलं, 'शंभर टक्के नॅचरल'. त्यांनी ते उलटं केलं. मागे खूण नाही, नंबर नाही. "पान काय, कुणीबी छापतंय. हमेशा मागं बघायचं." म्हणजे मी इतके दिवस चित्राचे पैसे मोजले! शहाणी मी!

घरी येऊन अक्काला फोन. तुरीवर औषध फवारलं होतं का?
"यंदा? प्यायला टँकर, आन फवारायला पाणी कुठलं गं?"
आणि मागल्या वर्षी?
"एकडाव. अळी लई होती."

६ मार्च, बुध.
'सेंद्रिय' लिहिता येणार नाही म्हटलं, तर अक्का रुसली. "समद्यांच्या पिशवीवर पान, माझ्याच नको व्हय? डाळ तशीच माघारी आली तर गटातल्या बाया काय म्हणतील मला?" फार वाईट वाटलं. दिवसभर कशात मन नाही. दिवेलागणीला तिचाच फोन. "जे हाय ते लिही. खोटं नगं."

७ मार्च, गुरु.
साठच्या साठ फाडल्या. नव्या लिहिल्या, काळ्या शाईनं:
'तूरडाळ. जात्यावर भरडलेली, पॉलिश नाही. यंदा फवारलं नाही, पाणीच नव्हतं. मागल्या वर्षी एकदा फवारलं होतं. तेलाचा हात लावलाय, धुऊन घ्या.'
खाली पत्ता. जि. लातूर लिहू का उदगीर? अक्का म्हणे, "आधी होऊ दे तरी नवा जिल्हा!" हसली एकदाची.

१० मार्च, रवि. प्रदर्शन
शेजारच्या स्टॉलवर डाळ नुसती चकाकत होती. आमची मळकट. दुपारपर्यंत एक पिशवी हलली नाही. अक्का माझ्याकडे बघेना.
मग एक बाई थांबली. चिठ्ठी वाचली, पुन्हा मोठ्यानं वाचली, खो खो हसली. "अगं या गं इकडं! मागल्या वर्षी फवारलं म्हणून ही मावशी स्वतःच सांगून राहिली!" तीन पिशव्या घेतल्या तिनं. मग रांगच. पाच वाजता टेबल मोकळं! बशीरभाईंना एकच मिळाली, शेवटची. अक्का तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांत पाणी. मी तर लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

११ मार्च, सोम.
अक्काला यष्टीत बसवून आले. कितीजणी सांगून गेल्या, पुढल्या साली हीच डाळ ठेवा. अक्का खिडकीतून म्हणाली, "पुढल्या साली पाऊस झाला, पाणी आलं, आन अळीबी आली तर गं?" तेवढ्यात गाडी हलली.
एक कोरी चिठ्ठी उरली होती, ती पुढल्या सालासाठी या पानात ठेवलीय. तिच्यावर 'यंदा' एवढंच लिहिलंय.