रांजणवाडी नव्हतीच

४ नोव्हेंबर २०२४
रांजणवाडीच आहे — आईचा निकाल! पदराचा बोळा करायचा, त्यात तोंडाची वाफ भरायची आणि माझ्या उजव्या डोळ्याखाली दाबायचा. पन्नाशीचा मुलगा मुकाट बसतो. बरं वाटतं. सूज मात्र ढिम्म.

१९ नोव्हेंबर
फुटली. पू थांबत नाही, डोळाही पुढे आलाय. शेवटी हेमांगीने हात धरून उठवलं — "बाबा, बस हो गया अब, चला!" लेक आहे, तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीचं हाड झिजलेलं दिसलं. डॉक्टर सोनिका म्हणाल्या, "कैंसर भी हो सकता है. तब आँख..." दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवणारा मी — एक विनोद सुचेल तर शपथ!

२० नोव्हेंबर
गाठीचा तुकडा तपासायला गेला. बायको, वनमाला, भांडी घासतेय. घासलेलीच.

२८ नोव्हेंबर
क्षय! खोबणीतला टीबी! गोळ्यांनी बरा होतो, डोळा राहतो! टीबी झाला म्हणून पेढे वाटणारं अख्ख्या छावणी भागात आमचं पहिलंच घर असावं. वनमाला दबक्या आवाजात — "अहो, कशाचे ते सांगू नका. हेमांगीचं जमायचंय." मी सांगतो, लेखनाला बक्षीस मिळालं. कुणाचाच विश्वास बसत नाही.

६ जानेवारी २०२५
लघवी केशरी. गोळ्यांमुळे, घाबरू नका, डॉक्टर म्हणाल्या होत्याच. जखम सुकली. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावतात — एका गोळीने नजर बिघडू शकते म्हणे. सगळे बरोबर! या बाईंनी माझा डॉक्टरांवरचा खवचट लेख वाचलाय. तरी डोळा वाचवला. देव त्यांचं भलं करो — हे मी लिहितोय, मी!

निघताना पुन्हा बजावलं — "आपकी आँख से किसी को नहीं लगेगा. पर आपको तो किसी से लगा है. घरवालों की जाँच?" आम्ही टाळतोय. आई म्हणते, "माझा खोकला म्हातारपणाचा, मला कशाला नेताय?"

१७ जानेवारी
आईच्या छातीत निघाला. वेळेवर कळलं, बरी होईल.

ऑटोत हळूच म्हणाली, "मधू, माझ्यामुळे का रे तुला?"

"छे! माझ्यामुळे तुला."

घर येईपर्यंत मला मनसोक्त रागवत होती.