निळ्या काठाची वाटी

४ सप्टेंबर
आलो एकदाचे परदेशात! चौथा मजला, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी की भांडी घासायचाही कंटाळा येऊ नये. नवऱ्याचा कारखाना बसने वीस मिनिटांवर. तो तिथे औषधांच्या पॅकिंगची यंत्रं सांभाळणार, आणि मी सहा वर्षांच्या ठकीला. माझं काम अवघड आहे, हे त्यालाही मान्य आहे. ठकीने आल्या आल्या घरातल्या प्रत्येक रिकाम्या कपाटात बसून पाहिलं आणि सगळ्यांत आपण मावतो असं जाहीर केलं. आज फार छान वाटतंय.

१२ सप्टेंबर
माझा इथल्या भाषेचा वर्ग सुरू झाला. बाई अगदी सावकाश बोलतात, तरी सगळं डोक्यावरून जातं. इथली माणसं वाईट नाहीत, पण आम्ही लिफ्टमध्ये शिरलो की सगळ्यांना एकदम भिंत आवडायला लागते. बसमध्ये आम्ही आपली भाषासुद्धा चोरून बोलतो. खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली, आमचे चालताना पाय वाजतात म्हणून. आता काय, तरंगायचं? हसून सोडून दिलं असतं, पण ठकीशी शाळेत कुणी बोलत नाही. डबा तसाच परत आणते. माझा जीव तुटतो.

१९ सप्टेंबर
आज कमालच झाली! दाराशी एक पांढरी, निळ्या काठाची वाटी. वर झाकण, आत चार अक्रोड. समोरच्या दाराची पत्रं टाकायची झडप हलताना ठकीने पाहिली, म्हणजे समोरच्यांचीच असणार. दार वाजवलं तर कुणी उघडेना. लाजत असतील बिचारे, आमच्यासारखेच. मला तर बाई रडूच आलं. कुणीतरी आपली दखल घेतली!

फोनवर सासूबाईंनी बजावलं, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान साखर तरी घाल. जसं काही मला माहीतच नव्हतं! ठकीने साखर घातली आणि विचारलं, असं का? मी म्हटलं, आपल्यात रिकामं देत नाहीत, बरं दिसत नाही. तिने मोठ्या माणसासारखी मान डोलावली आणि वाटी समोरच्या दाराशी ठेवून आली.

२३ सप्टेंबर
वाटीच्या जागी आज वाडगा. तोच निळा काठ. आत लोकरीचे मोजे, ठकीला अगदी मापात. तिचं माप कुणी घेतलं कोण जाणे. नवरा म्हणाला, कुणी चांगलं वागलं तरी तुला खोट दिसते. असेल बुवा. मूठभर शेंगदाणे घालून वाडगा परत ठेवला. ठकी झोपतानाही मोजे काढायला तयार नाही.

२९ सप्टेंबर
आज पातेलं. आत लाल कोट, आणि कोटाच्या खिशात ठकीची केसांतली क्लिप. ती काल रात्री मीच काढून माझ्या उशाशी ठेवली होती. घरात. दाराला आतून कडी होती.

पातेलं कोटासकट परत ठेवायचं ठरवलं, तोवर ठकीने कोट चढवला होता. काढायला गेले तर चावली मला. ठकी, आणि चावली! मी हाताला औषध लावतेय तोवर तिने पातेल्यात आपली बाहुली घातली आणि समोर ठेवून आली. रिकामं कसं द्यायचं, म्हणाली.

२ ऑक्टोबर
इमारतीची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं. समोर तीन वर्षं कुणीच राहत नाही, म्हणाला. मला पटेना, तेव्हा त्याने किल्ली आणून दार उघडलं.

खोल्या मोकळ्या. खिडकीशी आमची साखर, तशीच. शेंगदाणे एका ओळीत मांडलेले, एकही खाल्लेला नाही. भिंतीलगत एक लहान पलंग. त्यावर ठकीची बाहुली, छातीपर्यंत पांघरूण घातलेली. तिच्या शेजारी एका मुलापुरती जागा सोडलेली.

म्हातारा लिफ्टसाठीही थांबला नाही. जिन्याने पळाला.

४ ऑक्टोबर
आज टब. कपडे भिजवायचा असतो तेवढा. झाकण, निळा काठ. आत उशी. एवढीच, लहान.

नवऱ्याच्याही तोंडचं पाणी पळालंय. सहा तारखेची परतीची तिकिटं काढली. नोकरी गेली खड्ड्यात.

ठकीला जायचं नाही. दुपारी समोरच्या झडपेशी बसते. इथल्या लोकांच्या भाषेत घडाघडा बोलते आणि हसते. तिथे आपल्याशी बोलतात, म्हणाली. पाय वाजले तरी कुणी रागवत नाही, म्हणाली. मी तिला घट्ट धरलं. ती माझ्या खांद्यावरून समोरच्या दाराकडेच बघत होती.

५ ऑक्टोबर
सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दे रिकामं. तुटू दे व्यवहार.

उशी कचऱ्यात टाकली. ठकीने पाहिलं. उद्या निघताना टब रिकामा ठेवणार—मुद्दाम—आयुष्यात पहिल्यांदा.

६ ऑक्टोबर
सामान बांधलं. नवरा खाली टॅक्सी आणायला. टब ठेवला समोर. रिकामा. ठकीला बॅगेवर बसवलंय. दहा मिनिटं. फक्त दहा—

लिहीत बसले की भीती कमी वाटते—

बॅगेवर नाही.

कपाटांत नाही. दार उघडं—कडी मी लावली होती—

तिचा आवाज येतोय बाहेरून. कुणाला तरी समजावतेय. त्यांच्या भाषेत. आणि आज मला सगळं कळतंय, देवा, शब्द न् शब्द—

म्हणतेय, रागावू नका, माझी आई विसरली, म्हणून मीच आत बसले, आमच्यात रिकामं कधी