खालची फिकट पट्टी

सोलापूर, गुरुवार, संध्याकाळ

पेशींवरच्या प्रयोगाच्या फोटोतली खालची पट्टी कचरा नव्हती.

प्रयोगशाळेतले सर कधीपासून म्हणत होते, "घाण असेल गं. पोस्टरसाठी फोटो खालून छाट की." परिषदेचं पोस्टर उद्या छापायला जाणार. छाटला असता, तर ही पट्टी पुन्हा कुणी पाहिलीही नसती. आज दुपारी तिचं सिक्वेन्सिंग आलं, तिच्यातली अक्षरं क्रमाने वाचलेला कागद. जीनवरून उतरवलेल्या नकलेत, म्हणजे आरएनएत, दुसऱ्या तुकड्याला थेट चौथा जोडलेला. तिसरा गायब, आणि सांधा एका अक्षरानेही चुकलेला नाही. घाण इतकी नेमकी असते का?

औषध न दिलेल्या पेशींत ती पट्टी नाहीच. दोन्हींकडे जीन तोच, अक्षरंही तीच. औषधाने मी फक्त आरएनएवर मिथाइलच्या खुणा पडू दिल्या नाहीत. एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढीशी खूण नसली तर पेशी अख्खा तुकडा वगळून पुढचं जोडून टाकते? मग हे लिहिणाऱ्या माझ्या हातात आत्ता अशा किती खुणा...

सरांनी तो कागद पाहिला. "प्रयोग परत कर," म्हणाले. "पण फोटो अख्खाच जाऊ दे." मी "बरं" म्हटलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज लई हसतीस की. कोण भेटलं?"

मी मोबाइलवर तो फोटो दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"खालची रेघ नीट दिसंना की गं."

"फिकट आहे," मी म्हटलं. "पण आहे."