हिमानीच्या आजोबांचे पाय

२ नोव्हेंबर, रविवार
मोठं झाल्यावर मुलाखतीत तारखा विचारतात. म्हणून आजपासून लिहून ठेवतो.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमधला आमचा फिल्म क्लब यंदा एकच शॉर्टफिल्म करणार. कॅमेरा एकच आहे. ज्याची गोष्ट निवडली जाईल तो डायरेक्टर. म्हणजे मी. क्लब चालवणाऱ्या भारतीताईंनी अजून जाहीर केलेलं नाही, पण त्या माझ्याकडे बघून हसल्या.

माझी गोष्ट ‘डबल प्रतिशोध’. जुळे भाऊ, एक डॉन, एक पोलीस कमिशनर. शेवटी हेलिकॉप्टर. दोन्ही रोल माझ्या मित्राला, हर्षितला दिले. तर तो म्हणे, हेलिकॉप्टर कुठून आणशील बे? व्हिजन नसलेली माणसं आधी खर्च विचारतात.

हिमानीनेही गोष्ट दिली आहे. तिचे आजोबा उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. माग विकला, आता कळमेश्वरला एका कारखान्यात वॉचमन आहेत. खुर्चीवर बसले की पाय आपोआप खालीवर होतात, माग चालवताना व्हायचे तसे. बस. एवढीच गोष्ट. भारतीताईंनी ती वाचून चष्मा काढला आणि पुसला. माझी वाचताना चष्मा नाकावरच होता.

५ नोव्हेंबर
हर्षित म्हणे, जळून राहिला तू तिच्यावर. चूक. मी फक्त तिच्या गोष्टीचा विचार करतो. फिजिक्सच्या तासाला, जेवताना, ट्युशनला जाताना.

शाळेनंतर इतवारीत आमच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन आपले आजोबा बघत बसलो. आजोबा गणपतराव सकाळपासून गादीवर मांडी घालून. काहीच हलत नाही. शेवटी तेच म्हणाले, काय पाहून राहिला गा, गिऱ्हाईकाले परात दाखव. काही लोकांना आजोबाच तयार मिळतात. मेहनत शून्य.

९ नोव्हेंबर, रविवार
भारतीताईंची पद्धत अशी की स्वतःची गोष्ट स्वतः पिच करायची नाही. जोड्या पाडतात आणि एकमेकांची सांगायला लावतात. म्हणे त्याशिवाय तुम्ही दुसऱ्याचं ऐकत नाही. मग सगळे हात वर करून निवडतात.

माझी जोडी हिमानीशी. तिची गोष्ट मी सांगणार, माझी ती. देव आहे.

प्लॅन: आवाज सपाट. हात खिशात. एकही शब्द खोटा नाही, पण कोणाला काही वाटलं नाही पाहिजे. यात फसवणूक नाही, ही एक शैली आहे.

१२ नोव्हेंबर
हिमानीचा फोन. डॉनच्या आईला कोणता आजार आहे? मी म्हटलं, आजार महत्त्वाचा नाही, अश्रू महत्त्वाचे. तिने लिहून घेतलं. मग म्हणे, कमिशनर डॉनले ओळखत काहून नाही, दोघांचा चेहरा तर एकच आहे ना? मी म्हटलं, नेटवर्क नाही, नंतर बोलू.
बारकावे विचारत बसणारे लोक मोठा सिनेमा कधीच करू शकत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तिच्या घरी गेलो. रिसर्च. म्हणजे गोष्टीत खोट शोधायला.

आजोबांना सुट्टी होती. चहा आला आणि पाय सुरू झाले. डावा, उजवा, मध्ये जरा थांबून. काहून करता असं, मी विचारलं. तर म्हणाले, मी नाही करत गा, ते करून राहिले. मग लाजल्यासारखं झालं त्यांना. एक हात गुडघ्यावर दाबून धरला. पाय थांबले. कप उचलायला हात काढला, की पुन्हा सुरू.

हे तर हिमानीने लिहिलंच नव्हतं. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून उठलो. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? हो, जळतो मी. भयंकर जळतो.

घरी येऊन आईसमोर सपाट आवाजात प्रॅक्टिस केली. ती पोळी लाटायची थांबली, तवा रिकामाच तापत राहिला. तिला सिनेमातलं काही कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
तर्री पोहे अर्धी प्लेट, पोट हलकं हवं. आवाज सपाट. हात खिशात. गुडघ्यावरच्या हाताबद्दल अजिबात बोलायचं नाही. संध्याकाळी डायरेक्टर.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गुडघ्यावरच्या हाताबद्दल बोललो.

माझे हात पहिल्या वाक्यापर्यंत खिशात होते. नंतरचं आठवत नाही. खुर्ची ओढून बसलो आणि पाय चालवूनच दाखवले. पुढच्या रांगेत क्लबमधली रितिका रडली. मागच्या महिन्यात सायकलवरून पडून हाताला प्लास्टर लागलं तेव्हाही ती रडली नव्हती.

मग हिमानी उभी राहिली. ती माझी वाट लावेल याची मला खात्री होती. मी तिच्या जागी असतो तर लावली असती. तिने काहीच गाळलं नाही. आईचा आजार स्वतः शोधून आणला होता. हेलिकॉप्टरचा आवाज तोंडाने काढला. चेहरा एकच असून ओळख पटत नाही, त्यावरही डॉनला दाढी लावून उपाय केला होता.

जुळे भाऊ वेगळे होतात तोवर ठीक होतं. मग एक खून झाला. मग आणखी एक. कमिशनर टेकडी चढायला लागला आणि मला जांभई आली. तोंडावर हात ठेवला, तरी हिमानीने पाहिलं. ती थबकली, आणि उरलेलं जरा भरभर सांगितलं.

हात वर करायची वेळ आली. पायांसाठी पहिला हात हर्षितचा. दुसरा माझा.

हिमानी डायरेक्टर.

जिन्यात तिने मला गाठलं. म्हणाली, सॉरी पियूष, तुझी गोष्ट मले नीट सांगताच नाही आली. मी म्हटलं, होतं असं, पुढच्या वेळी जास्त तयारी कर. ती हो म्हणाली.

तिने अगदी नीट सांगितली होती.